सुनील दत्तच्या नावाने निर्वासितांची मुंबई: अर्ध्या दिवसाच्या वॉकचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, वॉक चांगला आहे, जायला हरकत नाही, पण फक्त सुनील दत्तसाठी जाणार असाल तर हे वाचा आणि मग पैसे भरा. बॅलार्ड इस्टेट, तिथून चर्चगेट, लिबर्टी थिएटर, मग सीएसएमटीहून हार्बर लाइनने जीटीबी नगर आणि शेवटी चेंबूर कॅम्पात (फाळणीच्या निर्वासितांची जुनी वस्ती) खाणं, असा रविवारी सकाळी साडेसातपासून दुपारपर्यंतचा कार्यक्रम आहे. माणशी 1500 रुपये, त्यात खाणं आणि ट्रेनचं तिकीट आलं. बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने, काही कटकट नाही. जाहिरातीत सुनील दत्तचा तरुणपणचा मोठ्ठा फोटो आणि खाली झेलमचा निर्वासित मुलगा, मुंबई बंदर वगैरे मजकूर, तो बघून आई म्हणाली आपण जायचं म्हणजे जायचं, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला हिरो तो. ग्रुपचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, नवीन पोरं आहेत, धडपड करतायत, उगाच त्यांना ट्रोल करायचं नाहीये.

गाइड मुलगी स्वतः सिंधी, पणजोबा कराचीहून आलेले, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलते आणि मराठी पण बऱ्यापैकी. तिचा खरा जीव सिंधी गोष्टीत आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. बॅलार्ड इस्टेटच्या त्या दगडी इमारतींमध्ये रविवारी सकाळी चिटपाखरू नसतं, पोर्टच्या गेटच्या आत तर आपल्याला सोडतच नाहीत, त्यामुळे बाहेरच्या फुटपाथवर उभं राहूनच सगळं ऐकायचं. पण तिने सांगितलं छान. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे कराचीचा माणूस मुंबईला यायचा तो आपल्याच इलाख्याच्या राजधानीला यायचा, कोर्टकचेरी, व्यापार, शिक्षण, सगळं इकडेच. (कराचीतली एनजेव्ही शाळा, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, ती नारायण जगन्नाथ वैद्य या आपल्या मराठी माणसाच्या नावाने आहे, हे तिने सांगितल्यावर ग्रुपमधले अर्धे मराठी लोक एकदम ताठ उभे राहिले, मी पण.) फाळणी झाली तेव्हा सिंधमधले बरेच हिंदू लगेच निघाले नव्हते, पंजाबसारखी कत्तल तिकडे झाली नव्हती, थांबू, बघू, असंच चाललेलं. मग 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि लोकांनी बोटी गाठल्या. कराचीहून बोट, मुंबईला उतरायचं, धक्क्यावरून ट्रकमधून किंवा ट्रेनमधून कॅम्प. काही बोटी ओखा, पोरबंदर, वेरावळकडे पण गेल्या.

आणि दुसऱ्या बाजूचं पण तिने सांगितलं हे मला आवडलं, कारण असल्या वॉकमध्ये ते कोणी सांगत नाही. इकडून बोटी रिकाम्या परत जात नव्हत्या. मुंबईतले मेमन, कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले मुहाजिर (म्हणजे पाकिस्तानात निघालेले मुसलमान निर्वासित), सगळे कराचीला उतरत होते. 1941 ला कराची चार-सव्वाचार लाखांचं शहर, त्यातले निम्मे हिंदू, आणि 1951 ला दहा लाखांच्या वर आणि हिंदू नावापुरते. मुंबई त्याच दहा वर्षांत उपनगरं धरून 18 लाखांच्या आसपासची 30 लाखांच्या जवळ गेली. म्हणजे एकाच समुद्रावरची दोन बंदरं आणि दोघांनी माणसं बदलून घेतली. हे ऐकताना मला खरंच अंगावर काटा आला, म्हणजे आपण मुंबईची गोष्ट नेहमी गिरणी, कोकण आणि चाळ अशीच ऐकत आलोय.

आता तक्रार नंबर एक आणि ही मोठी आहे. एवढं सगळं बोटीचं सांगून झाल्यावर एका काकांनी विचारलं की सुनील दत्त कुठल्या बोटीने आला, आणि गाइडबाई गडबडली. कारण तो बोटीने आलेलाच नाही! झेलम जिल्ह्यातल्या खुर्द गावचा पोरगा, खरं नाव बलराज दत्त, 1929 चा जन्म, पाच वर्षांचा असताना वडील गेले, फाळणीच्या वेळी वडिलांच्या याकूब नावाच्या मुसलमान मित्राने घरच्यांना वाचवलं, मग यमुनेच्या काठी मंडोली गावात कुटुंब वसलं, ते आता हरयाणात येतं, मग लखनौला काही काळ आणि तिथून ट्रेनने मुंबई. समुद्राचा काय संबंध? झेलमच्या पोराने समुद्र बघितला असेल तो मुंबईतच. पंजाबी निर्वासित जमिनीवरून आला, सिंधी पाण्यावरून, आणि या लोकांनी वॉकला चेहरा पाहिजे म्हणून पंजाब्याला सिंध्यांच्या बोटीत बसवलाय. अरे सिंधी चेहरे काय कमी होते? साधना होती की, कराचीत जन्मलेली, लहान असताना फाळणीत इकडे आलेली. पण पोस्टरवर सुनील दत्त जास्त चालतो असं त्यांना वाटलं असणार.

बरं, जोडायचंच होतं तर तिथेच उभ्या उभ्या जोडता आलं असतं, ते पण नाही केलं. बॅलार्ड पियरला मोल नावाचं स्टेशन होतं, विलायतेच्या बोटीतून उतरलेले साहेब लोक तिथेच गाडीत बसायचे, आणि 1928 ला सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या मोसमात तिथून सुटून दिल्ली, लाहोर, रावळपिंडी करत पेशावरला जायची. म्हणजे झेलमवरूनच. आपण ज्या फुटपाथवर उभे होतो तिथून दत्तच्या जिल्ह्यापर्यंत एकेकाळी सरळ रूळ होते आणि फाळणीने ते मध्येच तोडले, एवढं एक वाक्य बोलली असती तरी काम झालं असतं. मी वॉक संपल्यावर तिला सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं, तेवढं मनाला बरं वाटलं.

चर्चगेटला जय हिंद कॉलेजसमोर थांबवतात. माझ्या मते अख्ख्या वॉकमधली सगळ्यात भारी जागा ही, आणि इथेच सगळ्यात कमी वेळ देतात. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचे काही प्राध्यापक फाळणीत इकडे आले, हातात काही नाही, आणि 1948 ला दोन खोल्यांत कॉलेज काढलं, ते हे. बांद्र्याचं नॅशनल कॉलेज पण तसंच, मूळचं सिंधमधल्या हैदराबादचं, 1949 ला इकडे पुन्हा उभं केलं, केसी कॉलेजमागे पण तीच मंडळी. म्हणजे आपली पोरं ज्या कॉलेजांच्या कटऑफसाठी रडतात त्यातली कितीतरी निर्वासितांनी उभी केलीत, आणि कॅम्पातून आलेल्या माणसांनी आधी घर न बांधता कॉलेज बांधलं याचं मला फार कौतुक वाटतं. तर या जय हिंदमध्ये बलराज दत्त इतिहास घेऊन बीए करत होता आणि पोटासाठी बेस्टच्या ट्रान्सपोर्ट खात्यात नोकरी. आई आणि भावंडं मागे गावाला. साधना पण पुढे याच कॉलेजची. आणि मग 1965 च्या वक्त मध्ये ही दोघं एकमेकांच्या प्रेमात, झेलमचा निर्वासित आणि कराचीची निर्वासित, सिनेमा कसला तर भूकंपात ताटातूट झालेल्या कुटुंबाचा, काढणारे चोप्रा बंधू, ते पण लाहोर सोडून आलेले. फाळणीचं नाव कुठेही न घेता सगळे फाळणीचाच सिनेमा करत होते असं मला तरी वाटतं. हे सगळं जय हिंदच्या दारात सांगायला पाहिजे होतं ना! पण तिथे वॉचमन ओरडला, फुटपाथ अडवू नका म्हणाला, आणि आम्ही पुढे. वीस-पंचवीस लोकांचा घोळका नेला की हेच होणार, ग्रुप निम्मा करा हो.

चालता चालता तिने रेडिओ सिलोनचं सांगितलं ते बरं होतं. कॉलेज संपल्यावर दत्त रेडिओ सिलोनसाठी फिल्मस्टारच्या मुलाखती घ्यायचा. नर्गिस आली तेव्हा याची बोलतीच बंद झाली असं सांगतात, आणि पुढे तिच्याशीच लग्न. पण आवाज होता त्याच्याकडे, आणि त्या आवाजावरच रमेश सैगलने त्याला 1955 च्या रेल्वे प्लॅटफॉर्म मध्ये घेतलं, नाव पण बदललं कारण बलराज साहनी आधीच होता. आता गंमत बघा, ही गाइडने नाही सांगितली, ही माझी. त्या सिनेमात कोण कोण? हिरो बेस्टचा माजी नोकर. कॉमेडीला जॉनी वॉकर, तो बेस्टचा माजी कंडक्टर. हिरॉइन एक आपली नलिनी जयवंत आणि दुसरी शीला रमाणी, कराचीची. आणि गोष्ट काय तर पुरामुळे गाडी एका आडगावच्या स्टेशनात अडकते आणि सगळ्या जातीपातीचे, श्रीमंत गरीब लोक प्लॅटफॉर्मवर एकत्र राहतात. 1950 च्या आसपासची मुंबई दुसरं काय होती.

लिबर्टीसमोर मात्र भरपूर वेळ थांबलो. गरजेपेक्षा जास्त. 25 ऑक्टोबर 1957 ला मदर इंडियाचा प्रीमियर इथे झाला, दिवाळीत. बिरजू ही भूमिका म्हणजे सुनील दत्तची खरी सुरुवात, आणि बिलिमोऱ्याला शूटिंगमध्ये आग लागली, नर्गिस अडकली, याने आत उडी मारून तिला काढली, भाजला, मग प्रेम, मार्च 1958 ला लग्न. हे आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. बाईने ते असं रंगवून सांगितलं की जणू कोणी ऐकलंच नाहीये, वर खिशातला ब्लूटूथ स्पीकर काढून गाणं लावलं, एक बाई रील काढायला लागल्या, आई कंटाळून पायरीवर बसली. थिएटरच्या इमारतीबद्दल एक शब्द नाही, इतकी सुंदर आर्ट डेको इमारत समोर उभी आहे आणि बोलणं सगळं आगीचं.

करिअरबद्दल पण असंच, नावांची यादी धडाधड, मतं शून्य. म्हणून माझी मतं देते, रिव्ह्यू माझा आहे. सुनील दत्त सुटाबुटातल्या हिरोच्या भूमिकेत ठीकठाक, गाडी चालवतोय, गातोय, तिथे त्याच्याजागी दुसरा कोणी चालला असता. तो भारी वाटतो तो दोन टोकांना. एक म्हणजे पेटलेला माणूस, बिरजू, नाहीतर 1963 च्या मुझे जीने दो मधला डाकू, त्याला फिल्मफेअर मिळालं आणि काढला पण त्यानेच, अजंता आर्ट्सच्या बॅनरखाली. आणि दुसरं टोक म्हणजे 1968 चा पडोसन, तो शेंडीवाला बावळट भोला. एवढा देखणा हिरो, पद्मश्री त्याच वर्षी मिळालेली, आणि हा बिनधास्त मठ्ठ दिसायला तयार, किशोरकुमार आणि मेहमूदच्या मध्ये उभा राहायला पण छाती लागते. शिवाय 1964 ला यादें, अख्ख्या सिनेमात एकच नट, तो स्वतः, दिग्दर्शन पण स्वतःचं. आजच्या काळात पण कोणी करणार नाही असला वेडेपणा. 1971 च्या रेश्मा और शेरा मध्ये तर हात चांगलेच पोळले, पैसा बुडाला, पण अमिताभला मुक्याची भूमिका देऊन बसला, आणि त्याच्या आधी विनोद खन्नाला पहिला ब्रेक मन का मीत मध्ये यानेच दिलेला. विनोद खन्ना कुठला? पेशावरचा, फाळणीत मुंबईला आलेल्या घरातला. निर्वासिताने निर्वासिताला हात दिला असं मी म्हटलं तर फिल्मी वाटेल पण झालंय तसं खरं.

आणि आमच्या घरचा मुद्दा राहिला. 1966 चा मेरा साया, झुमका गिरा रे वाला, तो राजा परांजप्यांच्या पाठलाग वरून काढलेला. पाठलाग मध्ये काशिनाथ घाणेकर, हिंदीत त्या जागी सुनील दत्त. बाईने मेरा सायाचं नाव घेतलं आणि पुढे गेली, तिला पाठलाग माहीतच नव्हता, आईने तिला हाताला धरून थांबवलं आणि म्हणाली, "अगं बाळा, आधी आमचा बघ, मग तुमचा." पुढे हार्बर लाइनवर रे रोडपर्यंत हा विषय चालला होता, घाणेकर मोठा का दत्त, दोन काका आईच्या बाजूने आणि एक विरोधात. वॉकमधली सगळ्यात जिवंत चर्चा ही होती आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

हार्बर लाइनचा प्रवास ठेवलाय हे फार शहाणपणाचं आहे. टॅक्सीने नेलं असतं तर काहीच कळलं नसतं. सँडहर्स्ट रोड सुटलं की डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, डाव्या उजव्या हाताला गोदामं, पोर्ट ट्रस्टची जमीन, गंजलेले पत्रे, बंदराचं सगळं मागचं अंगण दिसतं. ज्यांना कॅम्पात न्यायचं होतं त्यांना याच पट्ट्याच्या पलीकडे नेऊन टाकलं, शहराच्या कडेला, जिथे लष्कराच्या लढाईच्या काळातल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. कोळीवाडा, चेंबूर, मुलुंड, ठाण्याची कोपरी, आणि सगळ्यात मोठा कल्याणचा लष्करी कॅम्प, त्याचंच 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर झालं, राजगोपालाचारींच्या हातून. तेव्हाचं सरकार पण काही पायघड्या घालून बसलं नव्हतं हे ती बोलली, मोरारजी देसाई गृहमंत्री, निर्वासितांसाठी वेगळा कडक कायदा केला होता, आणि कराचीहून आलेल्या एका कोवळ्या वकिलाने त्याविरुद्ध हायकोर्टात केस लढून जिंकली. राम जेठमलानी. हे नाव लक्षात ठेवा, खाली परत येतंय.

एक सूचना, रविवार आहे, हार्बरला मेगाब्लॉक असतो हे मुंबईकराला सांगायला नको. ब्लॉक असेल तर हे लोक टॅक्सी करतात आणि वर जादा पैसे मागतात असं ग्रुपमधल्या एका आधी येऊन गेलेल्या बाईंनी सांगितलं. आमच्या वेळी गाड्या चालू होत्या. बुक करताना आधी विचारून घ्या.

जीटीबी नगर म्हणजे जुनं कोळीवाडा स्टेशन. इथे निर्वासितांसाठी 1950 च्या दशकात 25 इमारती बांधल्या, बाराशेच्या आसपास घरं, लोक पंजाबी कॉलनी म्हणतात पण सिंधी पण भरपूर. नंतर त्या इतक्या मोडकळीला आल्या की माणसं बाहेर काढावी लागली, आता म्हाडा पुनर्विकास करणार. म्हणजे जे निर्वासित म्हणून आले त्यांची नातवंडं पुन्हा भाड्याच्या खोल्यांत, हे बोलताना गाइडचा आवाज जरा बदलला, तिची आत्या इथलीच.

पण इथेच तक्रार नंबर दोन. ती म्हणाली, "इथे तेव्हा काहीच नव्हतं." असं कसं काही नव्हतं? कोळीवाडा नाव काय हवेतून पडलं? कोळ्यांचं गाव होतं, मिठागरं होती, खाडी होती. कॅम्प आला तो कोणाच्या तरी शेजारीच आला, आणि ज्यांनी आपल्या गावाशेजारी परक्या माणसांची एवढी वस्ती बघितली त्यांचं कोणी विचारत नाही. मी हे तिथेच बोलले, वाद घालायला नाही, पण बोलले. त्यावर तिने कोळीवाडा प्रॉन्सचा विषय काढला आणि तो मात्र चपखल बसला. हॉटेलच्या मेन्यूत जे लालभडक, बेसनात घोळवून तळलेलं प्रॉन्स कोळीवाडा मिळतं ते कोळणीच्या घरचं नाहीच, ते या कॅम्पाशेजारच्या पंजाबी हॉटेलवाल्यांनी काढलेलं. मासा कोळ्यांचा, मसाला आणि तळणं पंजाब्यांचं, नाव गावाचं. माझ्या ऑफिसातल्या कोळी मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली तुला आज कळलं? आम्हाला कधीचं माहितेय.

इथे चाखायला म्हणून प्लेटभर प्रॉन्स दिले सगळ्यांत मिळून, वाट्याला दोन-तीन आले, गरम होते, कुरकुरीत होते, पण दोन-तीनच. शाकाहारी लोकांना पनीर. सकाळी अकराला तळलेली कोळंबी खाणं मला जमतं, सगळ्यांना जमेल असं नाही.

चेंबूर कॅम्पातलं खाणं हा वॉकचा कळस, इथे पैसे वसूल. एका साध्या सिंधी दुकानात, आत आठ टेबलं, भिंतीवर सिंध्यांच्या देवाचा, झुलेलालचा फोटो, दाल पकवान आलं. पकवान म्हणजे मैद्याची जिरं मिरी घातलेली मोठी कडक पुरी, तळहाताने दाबली की मोडते, आणि चणाडाळ दाणा न दाणा वेगळा पण बोटाने चिरडेल इतकी शिजलेली, वर चिंचेची आंबटगोड आणि हिरवी चटणी, बारीक कांदा. चमचा वापरायचा नाही, पकवानाचा तुकडाच चमचा. डाळीत तिखट फार नाही, पण खाल्ल्यावर ते हळूहळू चढतं. माझ्या मते हा महाराष्ट्रातला एक नंबरचा रविवारचा नाश्ता आहे आणि मिसळीचे भक्त मला शिव्या घालतील तर घालोत. मग कोकी आली, कांदा घातलेली जाड भाकरीसारखी, तुपात दोनदा भाजलेली, सोबत दही आणि पापड (पापड सिंध्यांकडे पाण्यासारखा येतो, मागायला लागत नाही). मग भात आणि सिंधी कढी. ही आपल्या ताकाच्या कढीसारखी नाही बरं का, बेसन भाजून त्यात चिंच, आणि भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा, बटाटा. आईला ती फार आंबट वाटली, मला दोन वाट्या कमी पडल्या. बटाट्याचे टुक (तळलेले काप) मात्र गार आणि तेलकट, ते नसते तरी चाललं असतं. शेवटी झामा या मिठाईच्या दुकानातले गुलाबजाम आणले होते, त्याबद्दल काही लिहायची गरज नाही, चेंबूरच्या माणसाला विचारा. आर. के. स्टुडिओ इथून जवळच होता, आता तोही नाही, 2017 ला आग लागली आणि मग जागा विकली.

जेवताना मी वाट बघत होते की आता तरी ती 1984 सांगेल. नाही सांगितलं! अहो, या विषयाचा क्लायमॅक्स आहे तो. उत्तर पश्चिम मुंबईची लोकसभेची सीट. 1977 ला तिथून राम जेठमलानीने कायदामंत्री ह. रा. गोखल्यांना पाडलं, 1980 ला पुन्हा तोच आला. आणि 1984 च्या डिसेंबरात त्याच्यासमोर काँग्रेसने कोणाला उभं केलं? सुनील दत्तला. एक शिकारपूरचा सिंधी, कराचीत वकिली करून 1948 ला मुंबईत आलेला, दुसरा झेलमचा पंजाबी, बेस्टमध्ये नोकरी केलेला, आणि दोघं भांडतायत बांद्रा-अंधेरीच्या मतांसाठी. छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे या शहरात झोपायला धड जागा नव्हती ते दोघं आता शहराच्या वतीने दिल्लीत कोण बोलणार हे ठरवत होते. दत्त जिंकला, आणि पुढे एकूण पाच वेळा निवडून आला. बोटीने आलेला सिंधी आणि ट्रेनने आलेला पंजाबी कुठे भेटतात असं त्या बॅलार्ड इस्टेटवरच्या काकांना विचारायचं होतं ना, त्याचं उत्तर हे. जय हिंद कॉलेजात भेटतात, वक्तच्या सेटवर भेटतात आणि मतपेटीत भेटतात. मी टेबलावर हे सांगितलं तर दोघं तिघं खाणं थांबवून ऐकत होते, गाइड पण.

आणि 1987 ची पदयात्रा, पंजाब पेटलेला असताना मुंबईहून अमृतसरच्या सुवर्णमंदिरापर्यंत, दोन हजार किलोमीटर, 78 दिवस, मुलगी प्रिया बरोबर. त्याच्यावर एक वाक्य मिळालं, "नंतर ते राजकारणात गेले आणि पदयात्रा पण काढली." झोपडपट्टीवाल्यांसाठी त्याने मतदारसंघात जे केलं त्यावर तेवढं पण नाही. त्याऐवजी मुन्नाभाईमधली बापलेकाची मिठी, संजूबाबा, हे सगळं मात्र व्यवस्थित सांगून झालं. 25 मे 2005 ला गेला तेव्हा तो केंद्रात क्रीडामंत्री होता हे ग्रुपमधल्या तरुण पोरांना माहीतच नव्हतं, त्यांच्यासाठी तो फक्त संजय दत्तचा बाबा. मग त्याचं नाव लावून पैसे घेताय तर एवढं तरी सांगा ना.

तर हिशेब असा. सिंधी मुंबई समजून घ्यायला पाचपैकी साडेचार, खाण्याला साडेचार (टुकचा अर्धा कापला), सुनील दत्तला दोन. त्यांनी एकतर पोस्टरवरून त्याला काढावं आणि साधनाला लावावं, नाहीतर वॉक लांबवून बांद्रा-पाली हिल जोडावं, तिथे त्याचा बंगला होता, आता टॉवर आहे.

बाकी कामाचं. वय झालेल्यांना न्यायला हरकत नाही पण बॅलार्ड इस्टेट ते चर्चगेट चालत नेतात, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, टॅक्सी मिळते. टॉयलेट थेट सीएसएमटीला, त्याआधी नाही, हे त्यांनी बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहायला पाहिजे होतं, बायकांची पंचाईत होते. पाणी आपलं आपण न्या. दहा मराठी लोक जमवले तर मराठीत बॅच करतात, तशीच करा, गप्पा जास्त रंगतात. लहान मुलं कंटाळतात. आणि कॅम्पातून पकवान पार्सल घेणार असाल तर डाळ, चटणी, कांदा सगळं वेगवेगळं बांधायला सांगा आणि पकवान पिशवीत सगळ्यात वर ठेवा, आमचे कुर्ल्याच्या गर्दीत चुरा झाले, डाळीवर भुरभुरून खाल्ले.